साहेबांची संकटं घेणारा मासा

आमच्या शेजारच्या बंगल्यात मासा मेला की कुणी हळहळत नसे. बंगल्याच्या साहेबांची अशी श्रद्धा होती, की वास्तूत ठेवलेला मासा मरतो तेव्हा घरावर येणारं संकट तो स्वतःवर घेतो. ही श्रद्धा त्यांच्या एकट्याची नव्हे. मासे विकणारे दुकानदारही ती माशाबरोबर फुकट देतात. तिचा मोठा फायदा असा, की मासा का मेला हे कुणाला विचारावं लागत नाही.

तळेगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी लोणावळ्यात, भुशीच्या रस्त्याला, एक बैठं घर घेऊन राहिलो. साहेब पुण्याचे, शनिवार-रविवारी येणारे. दिवाणखान्यात शिरलं की समोरच त्यांची चार फुटी काचेची टाकी, आणि तिच्यात एकटा अरोवाना. चांदीच्या पट्टीसारखा लांब, वर वळलेल्या तोंडाचा, ओठापाशी दोन मिशा असलेला. हा मासा मोकळ्या पाण्यात तीन फूट वाढतो असं मी वाचलं होतं. टाकीची रुंदी दीड फूट होती. त्याला परत फिरायचं असलं की तो शेपटी दुमडून, काचेला अंग घासून फिरायचा. पाहुण्यांना वाटायचं, तो नाचतोय.

"हा चौथा," साहेबांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं. "पहिल्यानं माझा अपघात घेतला, काका. एक्स्प्रेसवेवर गाडी उलटली, मला खरचटलंसुद्धा नाही. घरी येतो तर हा गेलेला."

"आणि दुसऱ्यानं?"

"दुसऱ्यानं इन्कम टॅक्सची धाड."

"तिसऱ्यानं?"

साहेबांनी टाकीकडे पाहिलं. "तिसऱ्याचं अजून कळलं नाही. काहीतरी येणार असेल, ते आलं नाही."

तिसऱ्याची हकीकत मला नंतर कळली. मंडळी आठवडाभर महाबळेश्वरला गेली होती आणि जाताना विजेची बचत म्हणून मेन स्विच बंद करून गेली होती.

चौथा मात्र मरेना. त्याचं कारण साहेबांनी नव्यानं ठेवलेला केअरटेकर. पवना धरणाच्या वरच्या डोंगरातल्या वाडीवरचा, चाळिशीचा, हडकुळा माणूस. बायको आणि एक मुलगी घेऊन तो बंगल्यामागच्या खोलीत राहायला आला. पगार बेताचाच होता आणि तो पगारासाठी आलाच नव्हता. तो खोलीसाठी आला होता. वाडीवरून शाळेच्या रस्त्याला लागायचं तर मुलीला दीड तास डोंगर उतरावा लागे, आणि पावसाळ्यात मधला ओढा भरला की तेही बंद. खोलीपासून शाळा दहा मिनिटांवर. मुलगी नववीत होती आणि त्यांच्या वाडीवरून अजून कुणी मुलगी दहावी झालेली नव्हती. हे त्यानं मला पहिल्या महिन्यातच सांगितलं, आणि नंतर बोलण्याच्या ओघात पुष्कळदा सांगितलं, जसं आपण घराची किल्ली खिशात आहे ना हे चाचपून बघतो.

"आमी मासं खातो, आबा, पाळत न्हाई," तो म्हणायचा. "पर साहेबानं सांगितलंय, बागंच्या आधी ह्याचं बघायचं. मंग बघायला नगं?"

त्याची बघण्याची पद्धत त्याची स्वतःची होती. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ते तो एका निळ्या पिपात दोन दिवस उघडं ठेवायचा, मगच टाकीत घालायचा. एका वेळी चार बादल्या काढायच्या, चार घालायच्या, त्याहून जास्त नाही. "समदं पानी एकदम बदललं तर त्याला परगावी गेल्यावानी व्हईल." माशासाठी तो बागेत नाकतोडे धरायचा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की चार-चार तास येत नाही आणि टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडतो. अशा वेळी तो स्टुलावर बसून तांब्यानं टाकीतलंच पाणी उचलायचा आणि हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायचा. हात दुखला की बायको बसायची. एका दुपारी मी ते बराच वेळ पाहत उभा होतो. पुस्तकात जे मला तीन पानं वाचून कळलं होतं ते त्याला कुणी सांगितलं, असं विचारलं. तो म्हणाला, "त्यो तोंड वर काढून आ करीत हुता. दम लागल्यालं कळंत न्हाई व्हय?"

मीही माझ्या परीनं मदत केली. 'माशाला खायला घालू नये' अशी पाटी चांगल्या अक्षरात लिहून दिली. साहेबांचे पाहुणे तिच्याखाली उभे राहून माशाला चिवडा घालायचे आणि फोटो काढायचे. टाकी लहान आहे, हे मी साहेबांना दोनदा सुचवलं. ते म्हणाले, "काका, आर्किटेक्टनं भिंतीच्या मापानं केलीय." माशाच्या मापाचा प्रश्न त्यांच्या मनातच आलेला नव्हता. सहा महिन्यांनी मी पुन्हा विषय काढला, तेव्हा ते टाकीकडे बघत काहीशा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "हा चांगलाच टिकला की हो."

मुलगी दहावीत गेली त्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, साहेबांच्या मानेत गाठ आली. तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल मंगळवारी येणार होता. आदल्या रविवारी बाईसाहेबांनी बंगल्यावर पूजा घातली. पुण्याहून तीन गाड्या भरून माणसं आली. पूजा यथासांग झाल्यावर बाईसाहेबांच्या मनात आलं, की ज्याच्यावर एवढी भिस्त त्याचीही पूजा व्हायला हवी. गुरुजींच्या पोथीत अरोवान्याचा विधी नसावा, पण दक्षिणा होती. त्यांनी लगेच मंत्र काढला. टाकीचं झाकण उघडलं गेलं. सुवासिनी रांगेनं आल्या. प्रत्येकीनं पाण्यात चिमूट हळद, चिमूट कुंकू, अक्षता, एक फूल आणि पळीभर पंचामृत वाहिलं.

तिसरी का चौथी बाई पुढे झाली तेव्हा केअरटेकर मध्ये आला. हात जोडून म्हणाला, "मॅडम, पान्यात नका टाकू. काचंला लावा. दूध नासंल आत."

"अरे वा!" पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं. "वास्तुशास्त्र आता तू शिकवणार का आम्हाला?"

हशा झाला. केअरटेकरनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात शिऱ्याची वाटी होती. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ समारंभांची थट्टा केली आहे, पण बहुतेक वेळा घरी आल्यावर. मी चमच्याकडे पाहिलं.

पाणी आधी केशरी झालं, मग ताकासारखं गढूळ. गाड्या गेल्यावर, अजून उजेड होता तेवढ्यात, तो बादल्या उपसायला लागला. पिपातलं पाणी संपलं तेव्हा माझ्या दारात आला. "आबा, तुमच्या टाकीतलं साठल्यालं पानी द्या. नळाचं घातलं तर आजच मरंल." माझी पाण्याची टाकी आम्ही दोघांनी रिकामी केली. सोमवारी त्यानं गाळणीनं तळातली फुलं आणि तांदूळ वेचले. मासा पृष्ठभागापाशी तिरका झाला होता. कल्ले लालभडक, भराभर उघडमीट करणारे. बायको तांब्या घेऊन बसली होती, वीज होती तरी.

"आबा," तो म्हणाला, "ह्यो गेला तर साहेब मला ठिवतील का? मार्चात पोरीची परीक्षा हाय. तवर खोली ऱ्हायली पायजे बगा."

मंगळवारी सकाळी मासा मेला.

त्यानं साहेबांना फोन केला तेव्हा मी तिथंच होतो. त्याचा आवाज चोरीत सापडल्यासारखा झाला होता. पलीकडून फोन बंद झाला. दुपारी चारच्या सुमारास साहेबांची गाडी आली. बरोबर बाईसाहेब आणि पूजेला असलेले दोन मित्र. साहेब गाडीतून उतरले आणि त्यांनी सरळ केअरटेकरच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं.

"रिपोर्ट आला. काही नाही. साधी गाठ." मग टाकीकडे बघून, हात जोडून, "घेतलं बघ यानं. आज सकाळीच ना? बरोबर आज सकाळीच!"

केअरटेकरचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदाच सैल झाला. मासा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. बागेत आंब्याखाली त्याला पुरायचं, वर नारळ फोडायचा, असं ठरलं. साहेब त्याला म्हणाले, "खड्डा तूच खण. तू जीव लावलास त्याला." तो फावडं आणायला वळला. खोली वाचली होती.

तिथंच मी गप्प राहायला हवं होतं. रविवारी जिथं बोलायचं तिथं गप्प राहिलो होतो, त्याची भरपाई करायची मला घाई झाली असावी. शिवाय एका मित्रानं "सायन्सला हे कधी कळणार नाही" असं म्हटलं. ते मला उद्देशून नव्हतं, पण मी स्वतःला सायन्सचा वकील समजत आलोय. मी बोलायला लागलो. दूध-मध-दही पाण्यात कुजतं, त्यातून विष तयार होतं, कल्ले जळतात, मासा गुदमरून मरतो, दोन दिवस लागतात. अहवाल आज आला नसता तरी तो आजच मेला असता. "यानं तुमचं काही घेतलेलं नाही," मी म्हणालो. "तुम्ही त्याला मारलंत. आधीच्या तिघांनाही."

वाक्यं बांधेसूद होती. मला अजून आठवतात.

साहेबांचा हात नकळत मानेवरच्या पट्टीकडे गेला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी या माणसाकडून काय काढून घेतलंय. माशानं जर काही घेतलं नसेल, तर ते जे काय होतं ते अजून कुठंतरी असू शकतं. साहेब घाबरले. आणि घाबरलेल्या माणसाला सापडतो तसा त्यांना एक धागा सापडला.

"म्हणजे पाण्यानं मेला," ते सावकाश म्हणाले.

"होय."

"मग पाणी बघायला कोण ठेवलाय?"

फावडं घेऊन तो परत आला होता. दारातच उभा राहिला.

मी सगळं सांगितलं. त्यानं हात जोडून अडवलं होतं, रविवारी संध्याकाळपासून उपसलं, माझ्याकडचं पाणी नेलं. साहेब ऐकत होते, पण त्यांचं उत्तर तयार झालेलं होतं. "एवढं सगळं करून मेला कसा मग? आणि काका, घरातली गोष्ट शेजारी सांगायला हा कधी आला?" बाईसाहेब म्हणाल्या, "पूजेला नाट लावली यानं, तेव्हाच मला चर्र झालं होतं." अशा रीतीनं विज्ञान आणि श्रद्धा दोन्ही एका माणसावर येऊन थांबली. महिनाअखेरीला खोली रिकामी करायची, असं ठरलं. मासा मात्र पुरला. खड्डा त्यानंच खणला. नारळ फोडला नाही.

जायच्या दिवशी तो मला भेटायला आला. बायको आणि मुलगी कोपऱ्यावर बोचकी घेऊन उभ्या होत्या, वडगावला जाणाऱ्या टेम्पोची वाट बघत. मी म्हणालो, "माझ्यामुळे झालं."

"तुमी खरंच बोलला, आबा," तो म्हणाला. रागानं नाही. "पर ते खरं माजं हुतं. मला इचारून बोलायचं."

मग त्यानं निळं पीप कुणी वापरणार नसेल तर तुमी न्या, असं सांगितलं आणि गेला.

माझ्या घरात तीन खोल्या आहेत. त्यातल्या एकीत फक्त पुस्तकं आहेत. मार्चपर्यंत ती पुस्तकं पलंगाखाली राहिली असती तर त्यांचं काही बिघडलं नसतं. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. संध्याकाळी चहा पिताना सुचलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन लावला. वाडीवर रेंज नसते. पुढे चार-पाचदा लावला. चालत जाऊन सांगावं इतकं काही मी ते पुढं नेलं नाही. गुडघे दुखतात, हे खरं आहे. पण ते कारण होतं का, हे मी नक्की सांगू शकत नाही.

बंगल्यात आता पाचवा मासा आहे. टाकी तीच. एका कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येतो आणि सगळं पाणी एका दमात नळानं बदलतो. माझी पाटी काढून तिथं कंपनीचं स्टिकर लावलंय. नव्या वॉचमनला वीज गेल्यावर काय करायचं ते मी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "काका, मेला तर चांगलंच असतं ना ते?" साहेब मला हल्ली लांबूनच हात करतात.

परवा, परीक्षा होऊन गेल्यावर, वडगावला तहसील कचेरीत काम होतं. बाजाराच्या तोंडाशी तो दिसला. कुणाच्या तरी बांधकामावर दगड फोडायला येतो म्हणाला. हाताला फडकं बांधलं होतं. मुलीचं विचारलं.

"जानेवारीपत्तूर गेली चालत. मंग पाय मुरगळला वढ्यात. त्यातनं न्हाईच मंग." हाताचं फडकं आवळत, "पुढल्या साली बसवू म्हनतो. बघू. जागा कुटं मिळाली तर."

मी तोंड उघडलं होतं. पण त्यानंच आधी विचारलं, "नवा आनला ना साहेबानी? कसा हाय त्यो?"

"चांगला आहे."

"पानी दोन दिस ठिवत्यात ना पिपात?"

पीप माझ्या अंगणात उलटं पडलेलं आहे. कुणीही खोटं बोललं की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही, अशी माझी ख्याती आहे.

"ठेवतात," मी म्हणालो.

"मंग जगंल," तो म्हणाला, आणि ट्रॅक्टर आला म्हणून धावला. खोलीचं बोलायचं राहिलंच.