हिरव्या पाषाणांची राखण

आश्विनातल्या तापल्या दुपारी कापराच्या लाकडाची ती पेटी उघडली, की एक थंड, किंचित कडवट गंध अंगावर येई आणि क्षणभराने, त्याच्या आडून, दर्याचा खारा वास पुन्हा आपली जागा घेई. मिठबावच्या आमच्या घरात त्या वासापासून सुटका नव्हती. खिडकीच्या गजांवर तो गंज होऊन फुले, वाळलेल्या लुगड्यांच्या घड्यांत दमटपणे चिकटून राही. मी सावंतवाडीची, तळ्याच्या मुक्या पाण्याशेजारी वाढलेली. लग्न होऊन इथे आले आणि अखंड गाजणाऱ्या त्या समुद्राने माझ्या मनाचे बूडच हलवून टाकले. कुणीतरी सतत काही सांगू पाहते आहे आणि वाक्य पुरे करीत नाही, अशी ती गाज. पुढे पुढे माणसे म्हणत, सवय होईल. झाली नाही.

पेटी माझ्या सासऱ्यांची, मामंजींची. उभे आयुष्य त्यांनी मालवाहू बोटींवर खलाशांवरचे सारंग म्हणून काढले होते, आणि चीनकडच्या बंदरांत बोट लागली की इतर खलाशी रेशीम नि चिनी मातीची भांडी घेत, तेव्हा हे एखादा कोरीव दगड निवडून आणीत. जेड म्हणत त्या दगडाला. त्यात एक मासा होता, शेवाळी हिरवा. नारळाच्या रसासारखा पांढुरका एक बसका सिंह. आणि एक प्याली, इतकी पातळ की उजेडासमोर धरली असता पलीकडच्या बोटांच्या सावल्या तिच्या अंगातून पोहताना दिसाव्यात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, यजमान मुंबईला गोदीत नोकरीला. त्यामुळे वर्षाचे बहुतेक महिने त्या घरात मामंजी, मी आणि ही मुकी मंडळी.

पहिल्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर, पेटी स्वच्छ करायचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले. देवाची भांडी घासावीत तशी मी चिंच आणि राख घेऊन बसले. ओटीवरून ते उठून आले आणि त्यांनी माझ्या हातातला सिंह हळूच काढून घेतला. म्हणाले, "चिंच लावू नको गो. तो काय तांब्यो न्हय." मग शेजारी बसून त्यांनी सगळे दाखवले. कोमट गोड्या पाण्यात मऊ फडके पिळून दगड पुसायचा, लगेच कोरडा करायचा आणि सावलीतच वाऱ्याला ठेवायचा. ऊन नाही, चुलीची धग नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत. ज्यांना रेशमी दोरे होते ते दमट हवेने कुजत, म्हणून दरवर्षी नवे ओवायचे. आणि प्रत्येकाला जुन्या धोतराची स्वतंत्र पिशवी, कारण दगडाला दगड घासला तर दोघांतला मऊ असेल तो ओरखडतो. "एकमेकाक लागाक देऊ नको," एवढे बजावून ते उठले. त्या पिशव्या शिवताना मला वाटले होते, या घराची रीत हीच असावी: प्रत्येकाने आपापल्या मऊ काळोखात जपून राहायचे, कुणी कुणाला लागायचे नाही.

अशी काही वर्षे गेली. मग एका पौषात, माडांना शिंपणे करताना, मामंजी आळ्यातच कोसळले. उजवे अंग गेले, वाचाही गेली. पडवीत त्यांची खाट टाकली. खाणेपिणे, अंग पुसणे हे सगळे मला जमले. जमले नाही ते त्यांच्या डाव्या हाताचे. तो हात स्वस्थ राहीना. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चादरीवरून, खाटेच्या कडेवरून, स्वतःच्याच छातीवरून काहीतरी चाचपीत फिरत राही. पाण्याचे भांडे दिले, ते लोटले. जपमाळ दिली, ती सोडली. बाहेर समुद्राची ती न संपणारी येरझार आणि आत हाताची ही. दोहोंच्या मध्ये मी, कामात मन न लागणारी, उगाचच या दारातून त्या दारात जाणारी.

पुन्हा आश्विन आला. पेटी घेऊन मी पडवीतच सावलीला बसले आणि मासा पुसू लागले, तशी त्यांच्या घशातून एक अस्फुट घरघर उमटली. मी वळून पाहिले. त्यांची नजर माझ्या हातावर होती. जवळ जाऊन मी तो मासा त्यांच्या तळव्यात ठेवला. बोटे मिटली, अंगठा त्याच्या पाठीवरून एकदा फिरला, आणि इतक्या महिन्यांत प्रथमच तो हात थांबला. दगडाचा गारवा मनगटातून वर चढत जावा तशी त्यांच्या चेहऱ्यावर निवांतता पसरत गेली. त्या दिवसापासून रोज दुपारी मी त्यांना एकेक दगड देऊ लागले.

प्यालीही दिली. देऊ नये असे वाटले होते, पण त्यांनी डोळ्यांनी मागितली. बराच वेळ त्यांनी ती ओठांशी धरून ठेवली. मग बोटांतले बळ सरले आणि ती चिऱ्याच्या पायरीवर पडून दुभंगली. आवाज अगदी लहानसा झाला. मामंजींनी डोळे मिटून घेतले.

दिवाळीला यजमान आले. दोन्ही तुकडे त्यांनी हातात घेऊन पाहिले, ओरडले नाहीत. लहानपणी बापाची वाट पाहताना त्यांनी हीच पेटी उघडून पाहिलेली. बाप घरी नसे, तेव्हा ही असे. पेटीला कुलूप लावीत ते म्हणाले, "आणि काय फुटला तर परत खंयसून आणतलंय? मी पेटी मुंबयक नेतंय."

"आणि त्येंच्या हाताक काय दिवया, तां तुमीच सांगा," मी म्हटले. त्यांनी किल्ली कनवटीला लावली.

हात पुन्हा फिरू लागला. फराळाच्या तळणाच्या वासाने भरलेल्या त्या घरात आम्ही तिघेही एकमेकांची नजर चुकवीत वावरत होतो. भाऊबीजेच्या दुपारी मी विहिरीवर होते. परत आले तर यजमान खाटेच्या काठावर बसलेले, आणि मामंजींनी त्यांचा अंगठा मुठीत धरलेला. दगड धरीत तसाच. नखावरून, पेरावरून, गोदीतल्या दोरखंडांनी पडलेल्या घट्ट्यावरून त्यांचे बोट सावकाश फिरत होते, जणू हा कोणता नग, कुठल्या बंदरातला, हे ते ओळखू पाहत होते. यजमान हलले नाहीत. त्यांची मान खाली होती. कितीतरी वेळाने ते उठले, कनवटीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "खाली गोधडी घाल. दगड पडलो तर फुटाचो नाय."

मामंजी पुढच्या फाल्गुनात गेले, आंब्याचा मोहर गळून बारीक कैऱ्या धरू लागल्या होत्या तेव्हा. दिवसवार झाल्यावर यजमानांना देवगडहून बोट धरायची होती. पेटी मुंबईला न्यायची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही काढली नाही. बंदरावर मी पोचवायला गेले. बोटीकडे नेणाऱ्या पडावात पाय टाकण्यापूर्वी त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात दाबून पाहिला. खिसा जड होऊन खाली ओढला गेला होता; आत किल्ल्या होत्या, सुटी नाणी होती आणि त्यांच्यातच, पिशवीशिवाय, काहीतरी गोल पाठीचे. मी ओळखले, तो मासा होता. पिशवी घेऊन या, ओरखडे पडतील, असे ओठांवर आले होते.

पडाव सुटला. पाणी उन्हाने इतके चमकत होते की बोटीपर्यंत तो पोचेतो मला काही दिसेना. घरी येऊन मी पेटी उघडली, रिकामी पिशवी हातात घेतली, आणि ती घडी करून आत ठेवावी की बाहेर, हे ठरवता न येऊन तशीच उभी राहिले.