पायरीवरचा तांब्या

काल माझी कॉलेजची मैत्रीण शुभांगी गास गावातल्या आमच्या घरी आली. पाहुण्याने पाय धुऊन आत यावं म्हणून पायरीवर पाण्याचा तांब्या ठेवायची आमच्याकडची जुनी रीत. तिने तो उचलला आणि हळूच विचारलं, "हे पायांवरच घ्यायचं ना?" दोघींनाही हसू आलं नाही.

कॉलेज संपल्यावर आम्ही मैत्रिणी जैसलमेरला गेलो होतो. दिवसभर पिवळ्या दगडांच्या गल्ल्यांतून रमतगमत फिरलो, चपलांत वाळू भरली. एका दारात सावलीला टेकलो, तर घरातल्या म्हातारीने काठोकाठ भरलेला लोटा आणून दिला. वाडीतल्या विहिरीकाठी वाढलेल्या आम्ही! काही विचार न करता तो पायांवर ओतला आणि "काय गार वाटतंय गं!" म्हणत खिदळलोही.

म्हातारी आत गेली, दुसरा लोटा घेऊन आली. या वेळी मात्र तो तिने आमच्या हातात दिला नाही. स्वतःच धरून म्हणाली, "बेटा, पी लो." आम्ही ओंजळी पुढे केल्या. मान वर करायची हिंमत होत नव्हती. खाली आमच्या पायांजवळ तिची शेळी दारातला ओला दगड चाटत होती.