शिवगंगाकाकूंचा टेम्पो

आमच्या गल्लीत बातमी होती, की शिवगंगाकाकूंनी होस्टेलच्या एका पोरावर उकळतं पाणी ओतलं.

पाणी गार होतं. काकू सकाळचा सडा टाकत होत्या आणि मुदखेडचा व्यंकटी कानात इअरफोन घालून, "मायटोकॉन्ड्रिया, मायटोकॉन्ड्रिया" करत बरोबर मधोमध उभा होता. "सरक की रे बाबा!" म्हणून काकू ओरडल्या, तरी हा पेशीच्या बाहेर येईना. मग सडा त्याच्यासकट झाला. नंतर त्याला चहाही पाजला; पण बातमीत चहा येत नाही.

लातूरची ही आमची गल्ली पूर्वी आडत्यांची. आडते रिंग रोडला बंगल्यात गेले आणि घरांवर पाट्या आल्या: 'फक्त मुलांसाठी. गरम पाणी. अभ्यासाचं वातावरण.' जिथं तुरीच्या पोत्यांची थप्पी लागायची तिथं आता पोरांची लागते. जिथं येताजाता "शरणार्थ, काकू" असा नमस्कार ऐकू यायचा, तिथं "काय करून राहिला रे, सिलॅबस झाला का?" ऐकू येतं. कोपऱ्यावरचे मलप्पाकाका आल्यागेल्याला "या, बसा" म्हणायचे, होस्टेल काढल्यापासून झोपेतसुद्धा "दहानंतर गेट बंद!" म्हणतात. मी हे तिन्ही आवाज काढते. मलप्पाकाका सोडून सगळे हसतात.

काकूंना मात्र काळजी होती येळवशीची. त्या अमावस्येला आख्खं लातूर शेतात जेवायला जातं. काकूंच्या शेतात टेम्पो भरून गल्ली जायची. यंदा पुण्याहून त्यांचा संगमेश्वर फोनवर म्हणाला (नाकातून म्हणायचं), "आई, प्रॅक्टिकल हो. गल्लीत आपलं राहिलंय कोण? टेम्पो रिकामा गेला, तर पुढच्या वर्षीपासून हे बंद."

काकू होस्टेलं हिंडून आवतण देऊन आल्या. पोरांनी मान वर न करता "हाव काकू" म्हटलं.

"एक पण येणार न्हाई," मी म्हटलं. "सुट्टी हाय, झोपतेत दुपारपर्यंत. लावता पैज?"

"लाव की, मंजे. हरलीस तर आंबिलीनं भरलेलं बिंदगं तुझ्या डोक्यावर, सडकेपासून शेतातल्या कडब्याच्या कोपीपर्यंत."

"अन् तुम्ही हरलात तर?"

"तर काय? पुढल्या साली बिंदगंच न्हाई."

येळवशीला सकाळी टेम्पो उभा. आत काकू, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं आणि मी. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. मी संगमेश्वरदादाचा आवाज काढणारच होते, तेवढ्यात मेसवाली सरजाबाई नवं लुगडं नेसून, लेकीसुना घेऊन टेम्पोत चढली.

"मावशी, मेस?" मी विचारलं.

"बंद. काकूंनी पहिलं आवतण मलाच दिलं की!"

मागोमाग व्यंकटी आला. हातात रिकामा डबा, मागं आख्खं होस्टेल.

"काकू, मेसला कुलूप हाय. हॉटेलं बी बंद. वडापाव बी न्हाई. गाव मेलंय का काय?"

"गाव शेतात गेलंय, बाबा. चढ."

"तिथं नेटवर्क हाय का?"

"न्हाई. भज्जी हाय."

व्यंकटीनं पातेल्याचा वास घेतला. टेम्पोचं फाळकं लावायला जागा उरली नाही.

सडकेवर उतरल्यावर काकूंनी ते मातीचं बिंदगं माझ्या डोक्यावर ठेवलं, रीतीप्रमाणे वर घोंगडी टाकली. मी मान ताठ करून, पाय फाकवून ढेकळांतून निघाले. मागून हशा आला. वळता येत नव्हतं, म्हणून ओरडले, "काय झालं?"

"काही न्हाई," काकू हसू दाबत म्हणाल्या. "व्यंकटी तुझी चाल करून दाखवून राहिला. लई हुबेहूब."