गंगाबाईची खोली आणि माझं तोंड

नागपुरात आम्हाला मिळालेलं पहिलं चांगलं घर मी एकट्याने, कोणाचीही मदत न घेता, नऊ दिवसांत घालवलं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. काटोलकडच्या गावात आमचं घर महारवाड्यात, त्यामुळे माझं नाव विचारण्याआधीच लोकांना माझा पत्ता ठाऊक असे. मॅट्रिक झालो, सभांतून बोलू लागलो आणि पत्रकं लिहू लागलो. माझ्या पत्रकांत वाक्यं थोडी आणि सवाल फार. ('समस्त स्पृश्य बंधूंना जाहीर सवाल', त्यानंतर 'अखेरचा सवाल', आणि अखेरच्या सवालानंतर महिन्याभराने 'आणखी एक सवाल'.) स्पृश्य बंधूंपैकी एकानेही उत्तर दिलं नाही. नागपूरच्या एका छापखानेवाल्याने मात्र ती पत्रकं वाचली, त्यांत शुद्धलेखनाची चूक सापडेना म्हणून तो चकित झाला, आणि मुद्रितं तपासायच्या कामावर त्याने मला बोलावून घेतलं. बायको कौसल्या, दीड वर्षाची सुमन, दोन बोचकी आणि एक कंदील घेऊन मी आगगाडीतून उतरलो ते थेट कौसल्येच्या मामांकडे.

मामा गिरणीत कामाला. गिरणीच्या मागे आपल्याच लोकांची वस्ती, तिथल्या खालच्या ओळीत त्यांची एक खोली. खोलीत मामांची सात माणसं आणि आता आम्ही तीन. रात्री कूस बदलायची तर आधी सगळ्यांचं एकमत व्हावं लागे.

खरी अडचण जागेची नव्हती, पाण्याची होती. सुमनचं पोट जन्मल्यापासून बिघडलेलं. पोरीच्या पायांच्या काड्या झाल्या होत्या. डॉक्टरने तिचे डोळे पाहिले, पोट दाबलं आणि म्हणाला, "औषध देतो, पण पाणी बदला. नळाचं पाजा. असंच चाललं तर ही पावसाळा काढणार नाही." वस्तीला नळ एकच, तो वरच्या ओळीच्या तोंडाशी. खालच्या ओळीची पाळी येईपर्यंत नळ बंद होई, म्हणून खालची ओळ विहिरीचं पाणी पिई. त्या विहिरीत डोकावलं तर आपलं तोंडही दिसत नसे.

"जवाईबापू," मामा म्हणाले, "इथंच पाहू एखादी खोली. आपल्या माणसांत राहा."

मी उभा राहिलो. (बसून बोलायची मला सवय नव्हती.) "मामा, गावकुसाबाहेर जन्मलो तो शहराच्या कुसाबाहेर मरायला नाही. ज्या शहराची धुराडी आपल्या घामावर पेटतात, त्या शहराच्या मध्यभागी मी घर घेईन, आणि माझी जात सांगून घेईन."

"घ्या नं," मामा म्हणाले. "पण जरा मागं सरका, पोट्टीच्या हातावर पाय पडून राहिला तुमचा."

दुसऱ्या दिवशी धंतोलीत एका वकिलांकडे गेलो. गृहस्थ सुधारक. बंगल्यामागच्या दोन खोल्या द्यायच्या होत्या. मी जात सांगताच त्यांनी माझा हात हातात घेतला.

"मी स्वतः काही मानत नाही हो. अगदी काही नाही. पण आमच्या मातोश्री आहेत ना."

"मग मी मातोश्रींशीच बोलतो. बोलावता का त्यांना?"

वकिलांनी नकळत भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर मातोश्रींची तसबीर होती. तसबिरीला चंदनाचा हार होता आणि हारावर बोटभर धूळ.

"केव्हा वारल्या?" मी विचारलं.

"झाली सात वर्षं," ते म्हणाले. मग आम्ही दोघंही बराच वेळ मातोश्रींकडे पाहत राहिलो. शेवटी ते म्हणाले, "गेलेल्या माणसाची इच्छा मोडवत नाही बघा."

तिसऱ्या दिवशी इतवारीतला एक दुकानदार. हा तर सुरुवातीलाच म्हणाला, "आमी जात विचारत नाही जी. तो जमाना गेला. गाव कोणतं?"

मी गाव सांगितलं.

"गावात घर कोठीसा? मारुतीच्या अलीकडे, का पलीकडे?"

"बरंच पलीकडे."

"म्हणजे नदीच्या अंगानं?"

"नदीच्या खालच्या अंगाने. तुम्ही वर म्हशी धुता, आम्ही खाली पितो, त्या अंगाने."

तो जरासा विचारात पडला. मग त्याला आठवलं की खोली कालच गेली. दारावर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. मी वळून पाहिलं तेव्हा तो तिच्यावरची धूळ पुसून ती पुन्हा नीट टांगत होता.

आठवडाभर हेच. कुठे आडनाव विचारलं, कुठे कुलदैवत, एका ठिकाणी तर 'तुमच्याकडे लग्नात पहिली पंगत कोणाची असते?' असं विचारून बघितलं. जात सोडून सगळं विचारलं आणि जात तेवढी नेमकी कळली! मी मामांच्या उंबऱ्यावर बसून 'नागपूरच्या घरमालकांना जाहीर सवाल' लिहायला घेतला. आत सुमन ओकत होती.

कौसल्येने तिचं तोंड पुसलं, तिला कडेवर घेतलं आणि माझ्या कागदांवरून पाय टाकून बाहेर पडली. "तुमी सवाल लिहा," ती म्हणाली. "मी घर पाहून येते."

दुपारपर्यंत ती चावी घेऊन आली.

"कोणाचं घर?"

"महाल मोहल्ल्यात, गंगाबाईचं. म्हातारी एकटीच राहते. आंगणात नळ आहे."

"काय काय विचारलं तिने?"

"पोट्टीच्या पोटाचं विचारलं."

"आणखी?"

"आणखी काई नाही. चला, बोचकी उचला."

गंगाबाई दारातच उभी होती. साठीची, काटकुळी, हातात खराटा. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "हे पाह्य गा, माह्या घरचे कायदे तीनच. फाटक उघडं टाकाचं नाही. नळावर पाळीनं याचं. अन् मी काई विचारत नाही, तुमी काई सांगू नोका."

पहिले दोन कायदे मला ताबडतोब पटले.

नळाचं पाणी सुरू झालं आणि चौथ्या दिवशी सुमनचं पोट थांबलं. पाचव्या दिवशी तिने भाताची ताटली पुसून खाल्ली. सातव्या दिवशी नळाची तोटी धरून ती उभी राहिली आणि पडली नाही. कौसल्या त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसली. सरळ माणूस असता तर त्याने तेवढ्यावर देवाचे, नाहीतर गंगाबाईचे आभार मानले असते.

मी झुरत होतो. आठवडाभर लोकांनी विचारलं म्हणून मी संतापलो होतो, आता कोणीच विचारत नाही म्हणून माझा जीव कासावीस होत होता. माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती : एक आखूड, एक मध्यम (इतिहासासह) आणि एक लांब, ज्याच्या शेवटी आव्हान होतं. गल्लीतून मी मुद्दाम हळूहळू चालत असे. ओट्यावरच्या लोकांना आपण होऊन रामराम करत असे. ते रामराम घालत, ऊन फार पडलं म्हणत आणि सुपारी कातरत बसत. या लोकांना कसली जिज्ञासाच नाही, असं मला वाटू लागलं.

"मला चोरासारखं वाटतं," मी कौसल्येला म्हणालो.

"काय चोरलं आपण?" ती म्हणाली. "पाणी? ते तं पुन्हा येते."

नवव्या दिवशी सकाळी मी दारात राखुंडीने दात घासत होतो. नळावर कौसल्या होती, गंगाबाई होती, आणि अंगणापलीकडची भाडेकरीण मथुराबाई घागर भरत होती. मथुराबाईला कौसल्या आवडायची.

"किती सोवळ्यानं राहते वं तू," मथुराबाई म्हणाली. "आजकाल कोणी बी येऊन राहते, कायचा भरोसा नाही. मागच्या गल्लीत तं म्हणे महाराले खोली देली."

"भरली तुही घागर," गंगाबाई म्हणाली. "उचल, पाणी वाहून राहिलं."

कौसल्येने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडू नका, एवढं एकच त्या नजरेत होतं, आणि ते आंधळ्यालाही वाचता आलं असतं. मी मुद्रितं तपासणारा माणूस. मला ते दिसलं. मी राखुंडी थुंकलो.

"मागच्या गल्लीचं मला ठाऊक नाही, मथुराबाई," मी म्हणालो. "या गल्लीत दिली आहे. मला."

आखूड उत्तर तिथे संपत होतं. तिथे थांबलो असतो तर कदाचित थट्टेवारी गेलं असतं. पण नऊ दिवसांची साठवण. मी मध्यम उत्तर दिलं, त्याला जोडून लांब दिलं, आणि आव्हानापर्यंत आलो तेव्हा मथुराबाईने भरलेली घागर तिथेच ओतून दिली होती आणि फाटकात वीसेक माणसं उभी होती. माझ्या कुठल्याही सभेला एवढी माणसं वेळेवर आली नव्हती. एक जण पायातलं काढून हातात घेऊन उभा होता. दुसरा म्हणत होता की म्हातारीचा नळच बंद करा.

गंगाबाईने फाटक लावून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"मी विचारलं होतं काय तुले?"

"नाही."

"मंग काहून सांगतलं?"

"मला खोटेपणाने राहायचं नव्हतं."

"खोटं कोण बोललं गा? तुही बायको बोलली, का मी बोलली?"

"पण तुम्हाला अंधारात ठेवून..."

"अंधारात?" ती म्हणाली. "मले पयल्याच दिवशी माहीत होतं. तुह्या बायकोनं पाणी मांगतलं. मी तांब्या पुढं केला, तं तिनं ओंजळ धरली. कडेवर पोट्टी, अन् एकाच हाताची ओंजळ. आपल्या हातानं तांब्या घ्याचा असते हे तिच्या ध्यानातच नाही आलं. मंग मी तो तांब्या तिच्या हातात देला. चावी त्याच्या बाद देली."

मी कौसल्येकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

"आतापर्यंत माहीत नसल्यासारखं करता येत होतं," गंगाबाई म्हणाली. "आता साऱ्या गल्लीले माहीत झालं. आता मले बी माहीत असावं लागते."

"तुम्ही ठाम राहा, गंगाबाई. आम्ही तुमच्या पाठीशी उभे राहू. सभा घेऊ."

"मले याच गल्लीत मराचं आहे. उचलाले तू येशीन काय? अन् तू आला, तं बाकीचे येतीन काय?"

मी आत जाऊन बोचकी बांधायला घेतली.

"ऊन उतरलं का निंघा," ती म्हणाली. "पोट्टीले उन्हात नोको नेऊ." आणि तिने कौसल्येला दोन घागरी भरून घ्यायला लावल्या.

आम्ही वस्तीच्या वाटेला लागलो. मामांची खोली दिसू लागली तसं कौसल्येने विचारलं, "तुमचं बोलणं झालं सारं?"

"झालं."

"बरं. आता मी बोलते."

मामांनी सांगितलं की खालच्या ओळीत एक खोली आहे, विहिरीजवळ. आणि वरच्या ओळीत एक आहे, नळाला लागून. "पण ते आपल्या कामाची नाही," ते म्हणाले. "वरची ओळ दुसऱ्या पोटजातीची, इकडं फिरकत बी नाही. आपल्या पोटजातीतल्याले खोली देत नाही ते. आपण बी त्यांच्याइथं पोरगी देत नाही, खरं सांगाचं तं."

कौसल्या वरच्या ओळीकडे चालू लागली. मी बोचकी घेऊन मागे.

वरच्या ओळीचे कारभारी दगडूजी बाजेवर बसून चिलीम ओढत होते. त्यांनी आमची बोचकी पाहिली, पोरगी पाहिली.

"जात नाही विचारत," दगडूजी म्हणाले. "जात एकच आहे आपली. त्यातले कोणते, तेवढं सांगा."

हा प्रश्न म्हणजे माझ्या घरचा विषय. स्पृश्यांच्या विटाळावर बोलता बोलता आपल्यातले हे विटाळ मी व्यासपीठावरून कितीदा सोलले होते! मी बोचकं खाली ठेवलं आणि घसा साफ केला.

"तुमच्यातलेच आहो जी," कौसल्या म्हणाली, आणि तिने पोटजात सांगितली. ती आमची नव्हती.

दगडूजींनी चिलीम खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले. "काय गा, बाई खरं सांगून राहिली नं?"

शेजारी नळ वाहत होता. सुमन त्याच्याकडे दोन्ही हात करून आईच्या कडेवरून खाली उतरायला धडपडत होती.

"हो जी," मी म्हणालो.

त्या खोलीत आम्ही अजून राहतो; मामांकडे जातो ते अंधार पडल्यावर. सुमन आता नळावर भांडते. पोटजाती मोडून काढा म्हणून मी लिहिलेलं पत्रक मागच्या वर्षी विदर्भात गावोगाव गेलं आणि बरंच गाजलं. ते मी याच खोलीत, दार लावून लिहिलं. खाली माझं नाव नाही. 'एक स्पष्टवक्ता' एवढीच सही आहे.