लेंडीच्या डोहातलं हरवलेलं खाणं

आमच्या रेणापूरची लेक सुलोचना मुखेडकडं दिलेली. लेंडी नदीच्या उरल्यासुरल्या डोहात तिनं माशांची पिलं सोडली होती. ती वाढेनात म्हणून फोन आला. बारीक कापडाची जाळी आणि भिंग पिशवीत टाकलं नि निघालो. नदीच्या पाण्यात खसखशीएवढे जीव पोहतात, तेच पिलांचं खाणं. पाणी आटलं, तापलं, नासलं की त्यातले कोण टिकणार ते बदलतं. हे जीव बघायचं वेड मला म्हातारपणी लागलं.

लातूर ते उदगीर एसटी बरी. पुढं जाणार असाल तर पाणी घरूनच भरून न्या; टपरीवर चहा मिळतो, पाणी मिळत नाही. गाडीत उदगीर जिल्हा होणार यावर वाद चाललेला.

"जिल्हा झाल्यावर नळाला पाणी येतंय का वो?" एका म्हातारीनं विचारलं.

"आधी पाटी तर येऊ द्या, मावशी," कंडक्टर म्हणाला.

सुलोचनानं भाकरी न् शेंगदाण्याची चटणी वाढली, मग कौतुकानं डोह दाखवला. पाणी आरशासारखं. दुष्काळातला डोह हिरवा, दाट असतो; इतकं नितळ म्हणजे त्यात जीवच नाहीत. जाळी कितीदा फिरवली, भिंगाखाली काही हलेना.

विचारता विचारता उलगडलं. टँकरच्या तळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून गावातल्या बायका ते घेत नाहीत. हिनं टँकर चालवणाऱ्या दिराला गळ घालून ते रोज डोहात सोडायला लावलं होतं. जंतू मारायची पावडर तळालाच बसते. पिलांना पाणी पाजता पाजता हिनं त्यांचं ताटच धुऊन काढलं.

सांगितलं तशी ती पदर चावत म्हणाली, "न्हाई टाकलं तर डोह आटतोय की, काका."

ते पाणी दिवसभर उन्हात खड्ड्यात ठेव, मग सोड, म्हणालो. नांदेडहून गोदावरीचं जिवंत पाणी आणतो, विरजण लावल्यासारखं लागेल.

नांदेडच्या घाटाशी गटारं मिळतात. तिथं घाणीत तगणारे बारके जीवच सापडले. रिक्षानं वर बंधाऱ्यामागं गेलो, तिथं मात्र टपोरे, उड्या मारणारे. कॅन भरला, एसटी स्टँडवर आलो आणि आनंदानं फोन लावला.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "पिलं उलटी तरंगून राहिली. बगळे उतरलेत."

परतीची गाडी धरली. मांडीवरच्या कॅनमध्ये ते जीव अजून उड्या मारत होते. खिडकीतून बघत आलो. रेणापूर येईस्तोवर त्यांना सोडायला वाटेत एक डबकं दिसलं नाही.