सरांच्या डोळ्यांचा दाखला

आमची संस्था वेल्डिंगचे सांधे तपासणाऱ्या निरीक्षकांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देते. मी तिची सचिव. अध्यक्ष म्हणजे माझे सर, रेल्वेतून निवृत्त झालेले, दुर्गाघाटाजवळ राहणारे. सांध्यातली बारीक भेग कशी ओळखायची, हे मला त्यांनीच शिकवलं.

संस्थेच्या मान्यतेची तपासणी व्हायची होती, म्हणून मी सगळ्यांच्या फायली लावत होते. सर स्वतःही प्रमाणपत्रधारक निरीक्षक; त्यांच्या फायलीत नजर तपासल्याचा यंदाचा दाखला नव्हता. दाखला नाही तर प्रमाणपत्र स्थगित, असा नियम होता. दोन दिवस बोलायचं धाडस होईना. शेवटी त्यांच्या घरी गेले आणि चाचरत सांगितलं.

"अगं, मुद्दामच गेलो नाही," ते म्हणाले. "उजव्या डोळ्याला धूसर दिसतं. नापास झालो असतो."

"मग काय करू, सर?"

"काय म्हणजे? नियम मीच लिहिलाय. स्थगितीचं पत्र टाइप कर, मी सही करतो."

माझे डोळे भरून आले, तसे ते हसले. "रडू नकोस, बेटा. आधी चहा घे."

तपासणीत स्थगितीची नोंद मी स्वतःहून दाखवली. मान्यता कायम राहिली. पुढे सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण तोवर प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे त्यांना परीक्षा पुन्हा द्यावी लागली. तरुण पोरांच्या रांगेत ते भिंग घेऊन बसले. शिष्येनं गुरूला तपासणं बरं नाही, म्हणून परीक्षक कानपूरहून बोलावले होते. मी नुसती दाराशी उभी होते.

बाहेर येताच सर म्हणाले, "एक उत्तर चुकलं बहुतेक. पण दिसत होतं सगळं लख्ख!"