आटतील म्हणून मोठे

आमच्या वडिलांचं ठाम मत होतं की जगातली प्रत्येक वस्तू पहिल्या धुण्यात आटते. गांधीबागेत आमचं कापडाचं दुकान होतं आणि त्यांचा सारा जन्म मांजरपाट, लट्ठा आणि पॉपलिन यांच्या संगतीत गेला होता, त्यामुळे हे मत कापडापुरतं राहिलं नव्हतं. माझे शाळेचे बूट ते मोठे घेत, टोपी मोठी घेत. एकदा तर चष्म्याची फ्रेमसुद्धा मोठी घेतली. ती आटायची वाट बघत मी आठवीचं अख्खं वर्ष मान वर करून काढलं.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा पाणबुड्या व्हायला निघाला. नागपूरहून समुद्र कुठल्याही दिशेला सारखाच लांब, पण धरणं, विहिरी आणि पाण्यानं भरलेल्या खाणी जवळ होत्या. एक कंत्राटदार अशा ठिकाणी बुडालेले पंप काढणं, धरणाचे दरवाजे खालून तपासणं अशी कामं घेई. सत्तरचं दशक संपत आलं होतं. उन्हाळाभर मी त्याच्याकडे पाठीला सिलिंडर बांधून, नुसत्या चड्डीवर बुड्या मारल्या होत्या. हिवाळ्यातल्या पहिल्या कामात जमलं तर पक्की नोकरी, असं त्याने सांगितलं होतं.

वडिलांनीही त्यांच्या बाजूने सांगून टाकलं होतं. पाण्यात एक तर मासे जातात नाहीतर म्हशी. पण माझी हौस फिटली पाहिजे, म्हणून हा एक हिवाळा माफ. जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या गादीवर, मरेपर्यंत. दसऱ्यालाच त्यांनी माझ्यासाठी नवा लोड भरून घेतला होता. पांढऱ्या खोळीतला तो गुबगुबीत लोड त्यांच्या लोडाशेजारी माझी वाट बघत बसला होता. मला त्याची मनापासून भीती वाटायची.

हिवाळ्यात खाणीच्या खोल पाण्यात चड्डीवर उतरलं की माणूस बर्फाची लादी होऊन वर येतो. म्हणून कंत्राटदाराने मुंबईच्या जहाजभंगारातून एक ड्राय सूट पैदा केला होता. जाड रबराचा, गळ्यापासून तळपायापर्यंत एकसंध. आत लोकरीचे कपडे घालायचे, वरून हा चढवायचा, आणि पाण्यातून कोरडं बाहेर यायचं. सूट एकच होता आणि तो सगळ्यांचा. पायात घालायचे फिन्स, म्हणजे बदकाच्या पंजासारखी रबरी वल्ही, मात्र ज्याने त्याने आपापले आणायचे.

नागपुरात फिन्स कुठे मिळणार? सीताबर्डीवर एका दुकानदाराने मला बॅडमिंटनच्या रॅकेटी दाखवल्या. शेवटी वडील माल घ्यायला मुंबईला निघाले तेव्हा मी वर्तमानपत्रावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ मारली, तो कागद त्यांच्या खिशात कोंबला आणि बजावलं, की निळे हवेत, हलके हवेत, मऊ हवेत आणि याच मापाचे हवेत.

ते घेऊन आले ते काळे होते, वजनदार होते आणि फळीसारखे ताठ होते. टाचेला सँडलसारखा पट्टा होता. पाऊल घातलं तर उरलेल्या जागेत मांजराने पिल्लं घातली असती.

मी भडकलो. काहून असे आणले, म्हणून विचारलं.

"निळा रंग जाते पाण्यात," ते शांतपणे म्हणाले. "हलका माल टिकत नाही. अन् पाण्यात जाणारी वस्तू आटते. दोन माप मोठेच घेतले."

"बाबा, रबर आहे हे. रबर आटत नाही."

"तुले काय माहीत? तू कधी धुतलं काय?"

त्या रात्री मला झोप येईना. हा सगळा त्या लोडाचा कट आहे, मला नापास करायचंय यांना, अशी माझी खात्री झाली. आईला तसं म्हटलंही. ती म्हणाली की तुझ्या बापाने आयुष्यात कोणाला मुद्दाम वाईट माल दिलेला नाही, गिऱ्हाईक कितीही आगाऊ असलं तरी. मी ऐकलं नाही. पोहण्याच्या तलावावरच्या एका मित्राकडून बरोब्बर माझ्या मापाचे, मऊ, निळे फिन्स उसने आणले.

काम होतं उमरेडच्या पलीकडे, एका सोडून दिलेल्या कोळशाच्या खाणीत. तळाशी पंप बुडाला होता. खाली जाऊन त्याला दोराचा आकडा अडकवायचा, एवढीच माझी परीक्षा. वडील एस.टी.त माझ्या शेजारी येऊन बसले. दुकान बंद ठेवलं होतं म्हणे. मांडीवर मांजरपाटात बांधलेलं गाठोडं होतं.

कंत्राटदाराचा मुख्य पाणबुड्या नौदलातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा कोकणी माणूस होता. त्याने मला सुटात कोंबलं. वडिलांनी पुढे होऊन सुटाची बाही दोन बोटांत चोळून बघितली आणि कोणत्या मिलचं म्हणून विचारलं. मग मी ऐटीत पिशवीतून निळे फिन्स काढले. त्यात पायाची बोटंसुद्धा शिरेनात. आत लोकरीचे दोन जोड मोजे, वरून सुटाचे रबरी बूट, माझं पाऊल हत्तीचं झालं होतं आणि मी माप घेतलं होतं अनवाणी पावलाचं. मी खाली बसून ढकललं, उभं राहून ढकललं, काठाला लाथ मारून ढकललं. कंत्राटदार घड्याळ बघायला लागला. मला डोळ्यांसमोर तो पांढरा लोड दिसला.

वडिलांनी गाठोडं सोडलं.

काळे फिन्स असे बसले की जणू त्या बुटांवरच शिवले होते. मुख्य पाणबुड्याने पट्टा ओढून बघितला आणि विचारलं, "कोणी निवडले?" मी बोट दाखवलं. त्याने वडिलांना अदबीने विचारलं की आपण कुठे डायव्हिंग करत होता. वडील म्हणाले, "नाही गा, आपलं कापडाचं दुकान आहे."

खाली गेल्यावर त्याच्या अदबीचं कारण कळलं. ड्राय सुटात हवा असते आणि जरा वाकलं की ती पायाकडे पळते. पाय वर, डोकं खाली होऊन माणूस उलटा लटकतो. मलाही पाय वर उचलल्यासारखे वाटत होते, पण त्या वजनदार काळ्या फळ्यांनी ते जागेवर धरून ठेवले. मऊ फिन्सनी एवढं जड शरीर ढकललंही नसतं. काळ्या पाण्यात चाचपडत मी आकडा अडकवला आणि डोकं वर करून बाहेर आलो. वडील अगदी काठावर उभे होते, माझा स्वेटर छातीशी धरून. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना मी पास व्हायला नको होतो, आणि तरी त्यांनी मला असलंच पायताण आणून दिलं होतं. मी नाक शिंकरलं.

कंत्राटदाराने तिथेच नोकरी पक्की केली. घरी येताना वडील एस.टी.त झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायला दुकानात गेलो. माझा लोड जागेवर नव्हता. तो त्यांनी आपल्या पाठीला लावला होता, आपल्या लोडावर दुसरा. त्यामुळे ते थोडे पुढे सरकून, अवघडून बसले होते. समोरचं गिऱ्हाईक सदऱ्याचं कापड कमी घ्यायला बघत होतं.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. "आटले काय रे ते?"

"आटले, बाबा," मी म्हणालो. "बरोबर मापात आले."

ते गिऱ्हाइकाकडे वळले. "पाहा. रबर आटते, तुमचं तर पॉपलिन आहे," असं म्हणून त्यांनी कापड वीतभर जास्त मोजलं.